गुडघ्याएवढा कायदा

जरा जपून उभे राहा, मागे पायरी आहे. ही भिंत बघा. एका जुन्या देवळाच्या जोत्याची भिंत आहे ही. देऊळ गेलं, खांब गेले, वरच्या दगडांची लोकांनी घरं बांधली. जोतं तेवढं राहिलं. आता खाली बघा. आणखी खाली, तुमच्या गुडघ्याशी. ती काचेची चौकट दिसते ना, तो पिएत्राबास्सा गावाचा सूचनाफलक. पाणी कधी बंद राहणार, रस्ता कुठला खोदणार, निवडणूक कोणत्या तारखेला, सगळं तिथे लागतं. शेजारी हे लांबट दगड ठेवलेत ते बसायला. इथे सरकारी कागद बसून वाचतात. आणि कागद लावायचा असेल तर नगराध्यक्षांना जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. शिपायाकडून लावून घेतलेला चालत नाही.

मी इथली सून. मूळची संगमनेरची. नर्स म्हणून इटलीत आले, लग्न करून या डोंगरातल्या गावात राहिले, त्याला आता एकतीस वर्षं झाली. ही हकीकत मला सासूबाईंनी सांगितली. आसुन्ता त्यांचं नाव. शेंगा सोलत बसल्या होत्या. सांगायला लागल्या तशी परात बाजूला सारली आणि म्हणाल्या, ‘ही गोष्ट रागावल्याशिवाय सांगायची नसते.’ इतिहासाचे प्राध्यापक इथे येतात, भिंत मोजतात, आणि या सगळ्याला पुरावा नाही म्हणतात. नसेल. गावात सांगतात तसं मी सांगते.

रोमचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. गावाला तेव्हा तोर्मिया म्हणत. कारभार शंभर जणांची सभा बघायची, आणि सभेत बसायला आधी जमीनजुमला लागायचा, म्हणजे बसणारे कोण ते ठरलेलंच. एकदा बसला की मरेपर्यंत उठायचा नाही. या शंभरांतून दरवर्षी दोन कारभारी निवडले जात. मत सगळ्या नागरिकांना होतं, पण उभी राहायची ती चार-पाच घरंच. कारभारी निघाला की पुढे चोपदार, त्यांच्या खांद्यावर छड्यांच्या जुड्या. शोभेच्या नव्हत्या त्या छड्या. बायकांना मत नव्हतं. गुलामांना तर नावसुद्धा मालक देईल ते.

दर पाच वर्षांनी शिरगणती व्हायची. घरातल्या कर्त्या पुरुषाने चौकात यायचं, कारभाऱ्यापुढे शपथ घ्यायची, आपलं नाव, बापाचं नाव, जमीन, जनावरं, मुलंबाळं सांगायची. यादीत नाव चढलं की तो रोमचा नागरिक. त्याला मत, त्याची जमीन त्याची, आणि लढाई लागली की त्याला बोलावणं. जो आला नाही त्याचं काय, तेही कायद्यात लिहिलेलं होतं. त्याची मालमत्ता जप्त, आणि तो स्वतः बाजारात उभा करून विकायचा. कायदा जुना होता. तोर्मियात तो कधी कुणावर चालवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तो चालवला तर्पिलियसने.

तर्पिलियस त्या वर्षीचा पहिला कारभारी. त्याचा वाडा या चौकाच्या पलीकडे होता, आता औषधाचं दुकान आहे तिथे. दोन मजली, वर खांबांची गच्ची. रोज सकाळी त्याच्या दारात त्याच्या आश्रयाची साठ-सत्तर माणसं मुजऱ्याला उभी राहायची. तो आतून येईपर्यंत कुणी खोकायचंही नाही. त्याला सगळं होतं. पण गावाच्या वर, तो समोर दिसतो त्या डोंगरावर, बारा वाड्या होत्या मेंढपाळांच्या. वाड्यांच्या लहान लहान पट्ट्या, आणि मधे सगळ्यांची मिळून मोठी कुरणं. तर्पिलियसला ती कुरणं हवी होती. विकत मागून झाली होती. वाड्यांनी नाही म्हटलं होतं.

शिरगणती नेहमी शरद ऋतूत व्हायची, मेंढरं खाली उतरली की. सगळ्यांना ते ठाऊक होतं, सांगावं लागत नसे. त्या वर्षी तर्पिलियसने ती भर उन्हाळ्यात ठेवली. तेव्हा वाड्यांतले पुरुष कळप घेऊन पार पलीकडच्या शिखरांवर असायचे, तीन-तीन दिवसांच्या वाटेवर.

आता, फर्मान तीस दिवस आधी लावावं लागे, आणि तेही सपाट जमिनीवर उभं राहून नीट वाचता येईल अशा जागी. हे शब्द खरोखरच रोमन कायद्यात असायचे, ते प्राध्यापकही कबूल करतात. तर्पिलियसने फर्मान लावलं. देवळाच्या दरवाजाच्या वर, कमानपट्टीवर, तीन पुरुष उंचीवर. पांढऱ्या फळीवर काळी अक्षरं, मुंगीएवढी. खाली उभं राहिलं तर फळी दिसायची आणि तिच्यावर काहीतरी काळं काळं. अक्षरं लागायची ती एकाच जागेवरून, समोरच्या वाड्याच्या गच्चीतून.

दिवस उजाडला. चोपदाराने नावं पुकारली, प्रत्येक नाव तीनदा. गावातले आले, कारण त्यांना त्या सकाळची दवंडी ऐकू आली होती. वाड्यांतली एकेचाळीस नावं पुकारली गेली आणि एकालाही ओ आली नाही. ओ द्यायला कुणी नाहीच, हे पुकारणाऱ्यालाही माहीत होतं. आणि ऐकणाऱ्यांनाही माहीत होतं, ते गप्प उभे राहिले. सासूबाई इथे हमखास थांबायच्या आणि म्हणायच्या, ‘हे विसरू नकोस. गावही गप्प होतं.’

बातमी डोंगरावर पोचली तशी वाड्यांतली माणसं धावत खाली आली. वेशीतच त्यांना सांगितलं, जमीन गेली, कुरणं सरकारजमा. सरकार कोण, तर तर्पिलियस. बोलला एकच, मामर्कस नावाचा. सव्वीस वर्षांचा, त्यातली सहा वर्षं त्याने रोमच्या फौजेत काढलेली. मानेपासून खांद्यापर्यंत भाल्याची खूण होती. तो चौकात गेला आणि तर्पिलियसला म्हणाला, ‘लढाईला नेताना माझं नाव तुमच्याकडे होतं. तेव्हा मला शोधायला माणूस वाडीवर आला होता. आता का नाही आला?’

एवढंच म्हणाला. तर्पिलियसला एक उदाहरण हवंच होतं, ते आपणहून चालत आलं. मामर्कसला तिथेच धरलं. त्याच्या पायांना खडू फासला, बाहेरून विकायला आणलेल्या गुलामाला फासतात तसा, आणि चौकातल्या दगडावर उभा केला. किनाऱ्याकडचा एक व्यापारी गावात होता. दुपारच्या आत मामर्कस त्याच्या गाडीच्या मागे बांधलेला होता आणि गाडी निघाली होती.

मामर्कसची आई रुफ्रिया. विधवा बाई, घोंगड्या विणायची. तिचे गुडघे धरलेले, त्यामुळे ती सगळ्यांच्या मागून उतरली. चौकात आली तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती. दगडावर खडूचे दोन पाय उमटलेले होते.

सभेची मंडळी देवळाच्या पायऱ्यांवरच उभी होती, पांढरेशुभ्र टोगे अंगाभोवती गुंडाळून. टोगा म्हणजे पंधरा-सोळा हातांचं लोकरी वस्त्र. कामाला हात लावणाऱ्याला ते नेसून काम करताच येत नाही, म्हणून तर नेसायचं. रुफ्रिया त्यांच्यासमोर गेली.

‘सरकार, माझ्या पोराने काय केलं?’

तर्पिलियस म्हणाला, ‘त्याने नाव दिलं नाही. जो स्वतःचं नाव द्यायला येत नाही, त्याने आपण स्वतंत्र नाही हे आपल्याच तोंडाने सांगितलं. आम्ही त्याला गुलाम केलं नाही, बाई. तोच झाला.’

सभेतल्या काहींनी मान डोलावली म्हणे. वाक्य चांगलं जमलं होतं.

‘नाव द्यायला कधी यायचं, ते कुठे लिहिलं होतं?’

तर्पिलियसने हातातली काठी वर केली. रुफ्रियाने मान वर केली. उन्हामुळे तिचे डोळे बारीक झाले, तिने कपाळावर हात धरला, दोन पावलं मागे गेली, मग पुढे आली. पायऱ्यांवर कुणीतरी हसलं.

‘मला दिसत नाही.’

‘दिसलं असतं तरी तुला वाचता कुठे येतं?’

आता हसणारे बरेच झाले. रुफ्रियाने मान खाली घेतली. तिच्या तोंडावरचं ‘सरकार’ तिथेच संपलं, असं सांगतात. पुन्हा तिने त्याला कधी तुम्ही म्हटलं नाही. तिने केसांची गाठ सोडली, या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि म्हणाली, ‘मला वाचता येत नाही. पण वाचता येणारा मी माझ्या शेजारी आणून बसवीन. ज्या कायद्याने माझं पोर विकलं, तो मला बसल्याजागी डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. तो खाली येईपर्यंत मी उठणार नाही. आणि तर्पिलियस, तो तू आणशील. तुझ्या हाताने.’

पहिल्या दिवशी तिला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चोपदारांनी उचलून बाजूला ठेवलं, ती सरपटत परत आली. तिचे हात सोलून निघाले. ते परिटांनी पाहिलं. इथे चौकाच्या खालच्या अंगाला परिटांची आळी होती. मोठमोठ्या कुंड्यांत, शिळ्या लघवीत उभं राहून टोगे पायांनी तुडवायचे, मग गंधकाच्या धुराने पांढरे करायचे. घाणीत पाय घालून दुसऱ्याची शुभ्रता काढायचं काम. त्यांतली पोल्ला नावाची एक थोराड बाई पाण्याचं भांडं घेऊन आली, रुफ्रियाचे हात धुतले, आणि धुता धुता वर बघून म्हणाली, ‘मी रोज इथून जाते. मी ही फळी तीस दिवस पाहिली. कुणाला विचारलं नाही, काय आहे म्हणून.’

‘का नाही विचारलंस?’ रुफ्रिया म्हणाली.

पोल्ला तिचे हात धूतच राहिली. रुफ्रियाने तिला माफ वगैरे केलं नाही. ‘मग आता बस,’ म्हणाली. पोल्ला बसली.

तेव्हाच्या लोकांत एक रीत होती. एखाद्याने तुमचं काही लुबाडलं आणि न्यायाधीश तुमचं ऐकत नसला, तर त्याच्या दारात उभं राहून मोठ्याने परत मागायचं. दिवसभर, सगळ्यांनी मिळून. बायकांनी ते सुरू केलं. समोरच्या वाड्याकडे तोंड करून एकच, ‘दे परत! मामर्कसला दे परत!’ आधी दहा जणी होत्या, मग शंभर, मग वाड्यांतले पुरुष येऊन मिसळले, मग भटारी, मग गवंडी. सकाळी मुजऱ्याला येणारी माणसं या गर्दीतून जायला लाजू लागली. एके दिवशी तर्पिलियस बाहेर आला तर दारात तिघेच होते, आणि तिघेही त्याच्याकडे बघत नव्हते.

पण सभेच्या नाकी नऊ आणले ते परिटांनी. त्यांनी काम थांबवलं. निवडणुका आल्या होत्या. उमेदवाराचा टोगा खडू लावून चकचकीत पांढरा हवा. मळक्या टोग्यात मत मागणं म्हणजे हसं. शंभर जणांचे टोगे कुंड्यांत पडून कुजायला लागले. उन्हाळा होता. वास या चौकापर्यंत यायचा. मोठमोठी घरंदाज माणसं घामट, डागाळलेल्या वस्त्रांत नाकं धरून सभेला जाऊ लागली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बायका शांतपणे बघू लागल्या.

तेव्हा सभेने ठरवलं की चौकशी करू. फर्मान नियमाने लावलं होतं का, एवढाच प्रश्न. तर्पिलियस सरळ खोटं बोलला. फळी आपण खाली, माणसाच्या उंचीला लावली होती, शिरगणती झाल्यावर कुणीतरी खोडसाळपणाने ती वर चढवली, असं म्हणाला. मोठा माणूस शपथेवर सांगतोय म्हटल्यावर सभेला तेवढं पुरलं असतं. पण फळी रंगवणारा एक होता. हिलारस.

हिलारस हा गावाच्या मालकीचा गुलाम. कारकुनी करायचा, फर्मानं रंगवायचा. त्याच्या नावाचा अर्थ हसतमुख. मालकांना अशी नावं ठेवायची हौस. तो चाळिशीचा होता आणि त्याची अक्षरं इतकी सुरेख की परगावचे लोक बघायला थांबत. त्याला सगळं ठाऊक होतं. पण गुलामाची साक्ष साधी घेत नसत. कायदाच होता तसा. गुलाम आपण होऊन बोलला तर ते धरायचं नाही. यातना देऊन बोलतं केलं तरच ते खरं. मालकांच्या भीतीपुढे खरं यायला दुसरी मोठी भीती हवी, असं त्या शहाण्या लोकांचं म्हणणं. एवढे मोठे लोक, एवढे रस्ते, एवढे पूल बांधले, आणि हे लिहून ठेवलं.

हिलारसला कुणी नाव घेऊन बोलावलं नव्हतं. तो गप्प राहिला असता तर म्हातारा होऊन मेला असता. तो रुफ्रियाकडे आला आणि उकिडवा बसला.

‘मावशी, फळी मी रंगवली. अक्षरं बारीक काढ म्हणाले, मी बारीक काढली. शिडीही मीच धरली होती. उद्या सांगतो.’

रुफ्रियाला साक्षीची रीत माहीत होती. ती म्हणाली, ‘नको. तुझ्या हाडांवर पाय देऊन मला माझा मुलगा नको.’

‘तुमच्यासाठी नाही सांगत,’ हिलारस म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, असं सांगतात, आयुष्यात पहिल्यांदाच. ‘माझ्याकडे माझं म्हणावं असं काही नाही. ना घर, ना नाव. अक्षर तेवढं होतं. त्याने ते चोरीला वापरलं. माझ्या अक्षराने त्याने माणूस विकला. हे मी तसंच राहू देऊ?’

दुसऱ्या दिवशी सभेसमोर त्याला लाकडी चौकटीला बांधलं. काय केलं ते मी सांगत नाही. त्याला तीनदा विचारलं आणि तीनदा त्याने तेच सांगितलं, त्याच क्रमाने, एक शब्द इकडे तिकडे न करता. फळी कुठे होती, अक्षरं केवढी होती, शिडीला पायऱ्या किती होत्या, आणि खाली उभा राहून ‘आणखी वर’ कोण म्हणालं. बाहेर चौकात आवाज येत होता. तिसऱ्यांदा झाल्यावर सभेने साक्ष ग्राह्य धरली. निर्णय जेवणानंतर देऊ म्हणाले आणि उठले. ते जेवत असताना हिलारस मेला.

ही बातमी चौकात आली तशी पोल्ला परीट उठली. तिच्या हातात कपडे बडवायचं दांडकं होतं. तिच्या मागे सगळे उठले. दगड होते, कोयते होते, मेंढपाळांच्या लोखंडी टोकाच्या काठ्या होत्या. सगळे तर्पिलियसच्या दाराकडे निघाले. दार ओकाचं होतं, पण इतक्या माणसांपुढे ते टिकणार नव्हतं. आणि आत शिरल्यावर तर्पिलियस जिवंत राहिला नसता.

रुफ्रिया बसली होती तिथून ओरडली. उठली नाही, तिचा शब्द होता. बसल्या बसल्या अशी ओरडली की पुढच्या माणसांनी वळून बघितलं.

‘त्याच्या घरात गुलाम किती आहेत?’

कुणीतरी म्हणालं, ‘चाळीस असतील.’

‘मालकाचा घरात खून झाला तर गुलामांचं काय करतात?’

सगळ्यांना माहीत होतं. मालक मारला गेला की एका छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. आचारी, दाई, माळी, सगळे. वाचवलं का नाही, म्हणून. रोमचा कायदा होता तोही.

‘मग मारा त्याला,’ रुफ्रिया म्हणाली. ‘आणि त्या चाळिसांना खांबावर चढवताना बघायला इथेच उभे राहा. हिलारससारखे चाळीस. मला काय तो जिवंत हवा आहे असं वाटतं तुम्हाला? दात आहेत तोवर मी त्याला चावून खाईन. पण यांनी असं करून ठेवलंय की आपल्या रागापायीसुद्धा त्यांच्याच घरातला गरीब मरतो. दगड खाली टाका. त्याला बाहेर बोलवा. मी सांगितलं होतं तेच करायला लावा.’

दगड कुणी खाली टाकले नाहीत. पण पुढेही कुणी गेलं नाही. तसेच, हातात दगड घेऊन, सगळे दारासमोर उभे राहिले. ऊन डोक्यावर होतं. सभेची मंडळी जेवणावरून उठून आली, त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि त्यांना एकदम न्याय सुचला. निरोप गेला. दार उघडलं.

तर्पिलियस जांभळ्या काठाच्या टोग्यात बाहेर आला. मळलेला होता तो टोगा, धुवायला कोण होतं? शिडी आणवली. फळी त्याने स्वतः उतरवली. पुसून मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहवली, गावातल्या एका शिक्षकाकडून. मग हातोडी आणि चार खिळे त्याच्या हातात दिले. रुफ्रियाच्या शेजारी, या भिंतीत, ठोकायची.

इथे गावाची माणसं एक नवल सांगतात. तर्पिलियसने आधी फळी डोक्याएवढ्या उंचीवर धरली. खिळा दगडात जाईना, वाकला. छातीशी धरली, खिळा वाकला. कमरेशी धरून, वाकून ठोकला, तर दगडाने खिळा थुंकून टाकल्यासारखा बाहेर फेकला म्हणे, आणि तो त्याच्या गालाला लागला. चौकात कुणी हसलं नाही. एकच खिळा उरला. तर्पिलियसने आजूबाजूला बघितलं. मग त्याने टोगा सावरला आणि दोन्ही गुडघे जमिनीवर टेकले, रुफ्रियाच्या डोळ्यांच्या रेषेत. खिळा लोण्यात जावा तसा गेला. प्राध्यापक म्हणतात दगडाला तिथे चीर असेल. असेल.

तो गुडघ्यांवरच होता तेव्हा रुफ्रिया त्याला म्हणाली, ‘वाच.’

‘काय?’

‘मला येत नाही म्हणालास ना? तू वाच. मोठ्याने.’

त्याने वाचलं. शिरगणती अमुक दिवशी, जो येणार नाही तो विकला जाईल. सगळं गाव ऐकत होतं. वाचता वाचता त्याचा आवाज बसला, असं सांगतात. शरमेने, असं काही लोक म्हणतात. सासूबाई म्हणायच्या, ‘शरमेने कसला? भीतीने. अशा माणसांना चांगलं ठरवायची घाई करू नये.’

जमीन आणि कुरणं वाड्यांना परत मिळाली. तर्पिलियसला पुन्हा कुठलंही पद मिळालं नाही. हिलारसला मेल्यावर सभेने स्वतंत्र नागरिक जाहीर केलं आणि त्याच्या थडग्यावर तसं कोरायला निघाले. परिटांनी ते कोरू दिलं नाही. जिवंतपणी द्यायचं होतं, म्हणाले. सभेने ठराव केला की यापुढे तोर्मियात प्रत्येक फर्मान याच जागी, याच उंचीवर, कारभाऱ्याने स्वतः लावायचं.

आणि मामर्कस? त्याला परत आणायला सभेने दोन घोडेस्वार किनाऱ्याकडे पाठवले. ते नवव्या दिवशी आले. व्यापाऱ्याचं गलबत केव्हाच सुटलं होतं. आफ्रिकेकडे गेलं असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं स्पेनच्या खाणींकडे. पुढची तीन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नाविकाला वाड्यांतल्या लोकांनी विचारलं. मानेवर खूण असलेला माणूस कुणी पाहिला नव्हता.

सभेला रुफ्रियाचा मान करायचा होता. तिची मूर्ती बसवू, म्हणाले. ती म्हणाली, ‘दगड मला कशाला? पोर आणा.’ फळी लागली त्याच दिवशी ती उठली होती. पोल्लाने आणि आणखी एकीने तिला काखेत धरून डोंगर चढवला. शांत झाली, समाधानाने जगली, असं काही या गोष्टीत नाही. ती तशीच रागात जगली, तशीच रागात मेली. मधे पाच वर्षांनी पुन्हा शिरगणती आली. शरदातच आली. बाईने शिरगणतीच्या रांगेत उभं राहायची रीत नव्हती, पण ती येऊन उभी राहिली आणि तिला हटकायची कुणाची हिंमत झाली नाही. कारकुनाने मामर्कसच्या नावावर रेघ मारायला बोरू उचलला होता.

‘खोडू नकोस,’ ती म्हणाली. ‘तो मेला असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या यादीतून तो एकदा सुटला तेवढं पुरे झालं.’

कारकुनाने त्या वर्षीच्या कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभाऱ्याने चौकात उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. बोरू खाली ठेवला गेला.

रोम गेलं. नंतर कितीतरी राज्यं आली, पोप आले, सरदार आले, राजे आले, काळे सदरे घातलेले फॅसिस्ट आले. त्या काळ्या सदऱ्यांपैकी एकाने हा फलक खांबावर उंच चढवला होता, असं सासूबाई सांगत. त्या तेव्हा लहान होत्या. त्यांची आई आणि आळीतल्या सगळ्या बाया इथे येऊन जमिनीवर बसल्या. किती दिवस बसल्या ते कुणी नीट सांगत नाही, पण फलक कुठे आहे ते तुम्ही बघताच आहात.

आजही दर खेपेच्या जनगणनेनंतर गावची यादी इथे लागते, नगराध्यक्ष गुडघे टेकून लावतात. यादीच्या शेवटी छापील अक्षरांखाली शाईने एक ओळ असते: मामर्कस, रुफ्रियाचा मुलगा, मेंढपाळ, वरची वाडी. तेच नाव धरून गावचा आकडा वर पाठवला जातो. मग दोन-तीन महिन्यांनी वरून पत्र येतं, की पिएत्राबास्साच्या आकड्यात एक माणूस जास्त आहे, कृपया तपासून कळवावं. मागच्या खेपेला नगराध्यक्ष म्हणून माझी नणंद होती. पत्र घेऊन ती इथे आली, या दगडावर बसली, आणि मांडीवर कागद ठेवून उत्तर लिहिलं: तपासलं. माणूस जास्त नाही. माणूस यायचा आहे.